संशोधन अधिछात्रवृत्ती, शासकीय

पीएच्.डी. (विद्यावाचस्पती) पदवीसाठी पूर्ण वेळ संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यास शासकीय निधीतून ठरावीक मुदतीपर्यंत दरमहा दिल्या जाणाऱ्या अर्थसाहाय्यास शासकीय संशोधन अधिछात्रवृत्ती म्हणतात. शिष्यवृत्ती ही सामान्यतः शिक्षणशुल्क व निर्वाह यांसाठी दिली जाते व ती परीक्षेतील गुणांशी निगडित असते. अधिछात्रवृत्ती ही स्वतंत्र संशोधनकार्यासाठी असून तीत मासिक विद्यावेतन, घरभाडे भत्ता व पुस्तके, प्रवास, रसायने इत्यादींसाठी आकस्मिक खर्चाची तरतूद यांचा समावेश होतो. ही वृत्ती मिळण्यासाठी उमेदवाराने तीन भिन्न प्रकारची पात्रता सिद्ध करावी लागते : विद्यापीठात प्रवेश घेण्याची पात्रता, निधी देणाऱ्या यंत्रणेच्या कसोटीस उतरण्याची पात्रता आणि वृत्तीच्या संपूर्ण काळात ती टिकवून धरण्याची पात्रता. या तिन्ही प्रकारांचे नियम वेगवेगळे आहेत, त्यांच्या मुदतीही भिन्न आहेत. एका प्रकारात पात्र ठरलेला उमेदवार दुसऱ्यात अपात्र ठरणे शक्य असते व या विषयातील बहुतेक वादांचे मूळ याच विसंगतीत आढळते. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे भारतातील व्यवस्थेचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : संशोधनावर आधारलेली पीएच्.डी. पदवी तिच्या आधुनिक स्वरूपात एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्यापीठांत, विशेषतः १८१० मध्ये स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठात विकसित झाली. अमेरिकेत येल विद्यापीठाने ती प्रथम १८६१ मध्ये प्रदान केली. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने १९१७ मध्ये तिचा स्वीकार केला. भारतात १८५७ मध्ये स्थापन झालेली मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे प्रारंभी केवळ परीक्षा घेणारी होती. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने अध्यापन व संशोधन ही कार्येही विद्यापीठांच्या कक्षेत आली. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उच्च संशोधनासाठी अनेक भारतीय विद्यार्थ्यांना परदेशी जावे लागे व त्यासाठी सरकार, संस्थानिक किंवा दानशूर व्यक्ती यांच्या साहाय्यावर अवलंबून राहावे लागे.

अशा साहाय्याच्या अटी संशोधकाच्या आयुष्यावर किती खोल परिणाम करू शकतात, याचे उदाहरण डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१८९१–१९५६) यांच्या शिक्षणक्रमात आढळते. १९१३ मध्ये बडोदे संस्थानचे महाराज सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) यांनी त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली. शिक्षण संपल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी करावी, अशी तिची अट होती. १९१६ मध्ये आंबेडकरांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या संस्थेत प्रवेश घेतला परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. स्वतःची बचत, कोल्हापूरचे शाहू महाराज यांचे साहाय्य व मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले व १९२३ मध्ये त्यांना डी.एस्‌सी. पदवी मिळाली. कोलंबिया विद्यापीठाच्या नियमानुसार प्रबंध प्रसिद्ध झाल्याखेरीज पदवी दिली जात नसे. म्हणून ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्यानंतर १९२७ मध्ये त्यांना तेथील पीएच्.डी. पदवी प्रदान करण्यात आली. संशोधनास लागणारा काळ व पैशाची मुदत यांचा मेळ न बसणे, ही या व्यवस्थेतील अडचण अशा रीतीने फार जुनी आहे.

स्वातंत्र्योत्तर व्यवस्था : वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद १९४२ मध्ये स्थापन झाली. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन (१८८८–१९७५) यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाच्या (१९४८-४९) शिफारशीस अनुसरून १९५३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग अस्तित्वात आला व १९५६ च्या कायद्याने त्यास वैधानिक दर्जा मिळाला. उच्च शिक्षणाच्या दर्जाचे समन्वयन व निश्चिती हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत (नोंद ६६) आहे. शिक्षण हा विषय मात्र ४२ व्या घटनादुरुस्तीने (१९७६) राज्यसूचीतून समवर्ती सूचीत आला. परिणामी किमान पात्रता आयोग ठरवितो, प्रवेशाची प्रत्यक्ष कार्यवाही विद्यापीठ करते आणि निधी केंद्र किंवा राज्य शासन पुरविते, अशी कार्यविभागणी झालेली आहे.

आयोगाने कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी १९८४ पासून स्वतंत्र राष्ट्रीय परीक्षा घेण्यास सुरुवात केली. पुढे अधिव्याख्याता पदासाठीही पात्रता परीक्षा असावी, असा निर्णय केंद्र शासनाने १९८८ मध्ये घेतला व दोन्ही हेतूंसाठी एकत्रित अशी पहिली राष्ट्रीय पात्रता परीक्षा (नेट) डिसेंबर १९८९ व मार्च १९९० अशा दोन भागांत घेण्यात आली. विज्ञानशाखांसाठी ही परीक्षा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या सहयोगाने घेतली जाते. डिसेंबर २०१८ पासून या परीक्षेचे संचालन राष्ट्रीय परीक्षा यंत्रणेकडे आहे.

प्रवेशाची पात्रता : पीएच्.डी. संबंधीचे किमान निकष आयोगाने २००९ व २०१६ च्या विनियमांनी घालून दिले होते. ७ नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी त्यांची जागा घेतली. या विनियमांनुसार तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची किंवा चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाची पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी अथवा समकक्ष श्रेणीने उत्तीर्ण झालेला उमेदवार प्रवेशास पात्र ठरतो. चार वर्षांची, म्हणजे आठ सत्रांची पदवी किमान ७५ टक्के गुणांनी मिळविलेल्या विद्यार्थ्यास पदव्युत्तर पदवीखेरीजही प्रवेश मिळू शकतो. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, उन्नत स्तराबाहेरील इतर मागास वर्ग, दिव्यांग व आर्थिक दृष्ट्या दुर्बल घटक यांतील उमेदवारांना पाच टक्क्यांची सवलत देता येते. एम्.फिल्. पदवीचा अभ्यासक्रम या विनियमांनी बंद झाला परंतु पूर्वी किमान ५५ टक्के गुणांनी ती मिळविलेले उमेदवार प्रवेशास पात्र राहिले आहेत. वयाची अट प्रवेशासाठी घातलेली नाही.

प्रवेश नेटमधील यशाच्या आधारे मुलाखत घेऊन अथवा विद्यापीठाच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षेद्वारा देता येतो. महाराष्ट्रातील विद्यापीठांत ही परीक्षा ‘पेट’ या नावाने परिचित आहे. तीत निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर व निम्मे संबंधित विषयावर असतात. मुलाखतीस पात्र होण्यास ५० टक्के गुण आवश्यक असून राखीव प्रवर्गांना यात पाच टक्के सवलत आहे. अंतिम निवडीत लेखी परीक्षेस ७० टक्के व मुलाखतीस ३० टक्के भार दिला जातो. हे प्रमाण ठरण्यामागे एक वाद आहे. २०१६ च्या विनियमांनी लेखी परीक्षा केवळ चाळणीपुरती ठेवून अंतिम निवड मुलाखतीवर सोपविली होती, तसेच प्रत्येक मार्गदर्शकाकडील विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित केली होती. २०१७ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात हे नियम लागू होताच संशोधन अभ्यासक्रमांच्या जागा मोठ्या प्रमाणात घटल्या. मुलाखतीत मागास व ग्रामीण भागांतील विद्यार्थ्यांवर अन्याय होतो, असा आक्षेपही घेण्यात आला. त्यानंतर २०१८ च्या दुरुस्तीने लेखी परीक्षेस पुन्हा भार मिळाला.

मार्गदर्शकाची उपलब्धता हीदेखील व्यवहारात पात्रतेचीच एक अट ठरते. प्राध्यापकास एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा व साहाय्यक प्राध्यापकास चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीस तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या अध्यापकास नवीन विद्यार्थी घेता येत नाही. अध्यापकांची पदे रिक्त असलेल्या विभागांत त्यामुळे सर्व निकष पूर्ण करणाऱ्या उमेदवारासही जागा मिळत नाही.

अधिछात्रवृत्तीची पात्रता : निधीच्या पात्रतेत पहिली अट संस्थेची असते. आयोगाचे अनुदान मिळण्यासाठी संस्था १९५६ च्या कायद्याच्या कलम २(च) व १२(ख) यांखाली मान्यताप्राप्त असावी लागते. पहिल्या कलमान्वये तिचे विद्यापीठ अथवा महाविद्यालय म्हणून अस्तित्व मान्य होते आणि १९७२ मध्ये समाविष्ट झालेल्या दुसऱ्या कलमान्वये ती केंद्रीय अनुदानास पात्र ठरते. पहिली मान्यता असून दुसरी नसलेल्या संस्था पुष्कळ आहेत. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेचा दर्जा तपासणे उमेदवाराच्या दृष्टीने महत्त्वाचे असते.

उमेदवाराच्या पात्रतेत नेट ही मुख्य कसोटी होय. सामान्य शिक्षण, अध्यापनक्षमता व तर्क यांवर आधारित पहिली प्रश्नपत्रिका १०० गुणांची व विषयाची दुसरी २०० गुणांची असते. दोन्ही प्रश्नपत्रिका देणाऱ्यांपैकी सु. सहा टक्के उमेदवार साहाय्यक प्राध्यापक पदासाठी पात्र ठरविले जातात व त्यांतील गुणानुक्रमे वरचे उमेदवार अधिछात्रवृत्तीस निवडले जातात. पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण असणे येथेही आवश्यक आहे व अपूर्णांक पूर्ण करून घेण्याची मुभा नाही. ५४.९ टक्के गुण मिळविणारा उमेदवार त्यामुळे अपात्र ठरतो. आयोगाच्या अधिछात्रवृत्तीसाठी वयोमर्यादा २०१८ मध्ये २८ वरून ३० वर्षे करण्यात आली. महिला, अनुसूचित जाती व जमाती, इतर मागास वर्ग, दिव्यांग आणि तृतीयपंथी यांना तीत पाच वर्षांची सवलत आहे. साहाय्यक प्राध्यापक पदाच्या पात्रतेस मात्र वयोमर्यादा नाही.

प्रवेशाचे व अधिछात्रवृत्तीचे निकष वरकरणी सारखे दिसले, तरी ते एकरूप नाहीत. आर्थिक दृष्ट्या दुर्बल घटकातील उमेदवारास पीएच्.डी. प्रवेशासाठी गुणांत सवलत देता येते परंतु नेटच्या नियमांत त्याला अशी सवलत नाही. म्हणजे ५२ टक्के गुण असलेला असा उमेदवार संशोधनास प्रवेश घेऊ शकतो, पण ज्या परीक्षेतून विद्यावेतन मिळते त्या परीक्षेस बसू शकत नाही. त्याचप्रमाणे राज्य पात्रता परीक्षा (सेट) उत्तीर्ण झाल्याने राज्यात अध्यापनाची पात्रता येते परंतु तिच्या आधारे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळत नाही.

मार्च २०२४ मध्ये आयोगाने नेट उत्तीर्ण उमेदवारांचे तीन गट केले : अधिछात्रवृत्तीसह प्रवेश व अध्यापन यांस पात्र, अधिछात्रवृत्तीविना या दोहोंस पात्र आणि केवळ पीएच्.डी. प्रवेशास पात्र. शेवटच्या दोन गटांसाठी नेटच्या गुणांस ७० टक्के व मुलाखतीस ३० टक्के भार असून प्रवेशासाठी हे गुण एक वर्ष ग्राह्य धरले जातात. अनेक विद्यापीठांच्या परीक्षा देण्याचा खर्च व त्रास वाचावा, हा यामागील हेतू होय. तथापि एकाच परीक्षेवर इतके अवलंबून राहण्यातील धोका त्याच वर्षी प्रत्ययास आला. १८ जून २०२४ रोजी नऊ लाखांहून अधिक उमेदवारांनी दिलेली नेट परीक्षा तिच्या सचोटीविषयी शंका उद्भवल्याने दुसऱ्याच दिवशी रद्द करण्यात आली व ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा घ्यावी लागली. त्यामुळे प्रवेश, अधिछात्रवृत्ती व नोकरीची पात्रता या तिन्ही गोष्टी एकदमच लांबणीवर पडल्या.

इतर योजना : अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजीव गांधी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २००५-०६ मध्ये सुरू झाली. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २००९-१० मध्ये सुरू होऊन २०२२-२३ पासून नव्या उमेदवारांसाठी बंद करण्यात आली. केंद्रीय विद्यापीठांत नेट उत्तीर्ण नसलेल्या संशोधकांनाही दरमहा ८,००० रु. दिले जातात. हे साहाय्य बंद करण्याचा निर्णय ऑक्टोबर २०१५ मध्ये जाहीर झाल्यावर दिल्लीत आयोगाच्या कार्यालयासमोर विद्यार्थ्यांनी दीर्घ काळ आंदोलन केले व ते साहाय्य चालू राहिले. २०१८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्तीत विज्ञान व तंत्रविद्या क्षेत्रांतील निवडक संस्थांमधील संशोधकांना दरमहा ७०,००० ते ८०,००० रु. मिळतात.

परदेशी अभ्यासासाठी १९५४-५५ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती योजनेत अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलांना साहाय्य मिळते. वय, उत्पन्न व गुण यांच्या अटींखेरीज २०२२-२३ च्या मार्गदर्शक सूचनांत विषयाचीही अट घालण्यात आली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय त्यांनी वगळले. अशा विषयांची साधने व तज्ज्ञ देशातच उपलब्ध आहेत, अशी शासनाची भूमिका होती. ज्या समाजघटकांसाठी योजना आहे त्यांच्या जीवनाशी निगडित संशोधनच तीतून वगळले गेले, असे टीकाकारांचे म्हणणे होते. आंबेडकरांचा कोलंबिया विद्यापीठातील प्रबंध भारतीय विषयावरच होता, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

महाराष्ट्रात पुण्याची डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था (बार्टी) अनुसूचित जातींच्या, पुण्याचीच छत्रपती शाहू महाराज संशोधन, प्रशिक्षण व मानव विकास संस्था (सारथी) मराठा व कुणबी समाजाच्या आणि नागपूरची महात्मा जोतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था (महाज्योती) इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग यांच्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देते. नेटद्वारा वृत्ती न मिळालेल्या विद्यार्थ्यांना या योजनांचा मोठा आधार आहे. लाभार्थींची मर्यादित संख्या, चाळणी परीक्षा आणि वृत्ती नोंदणीच्या दिनांकापासून मिळावी ही मागणी, यांवरून २०२२ ते २०२४ या काळात मुंबई व पुणे येथे संशोधक विद्यार्थ्यांनी वारंवार आंदोलने केली.

पात्रता टिकविणे : आयोगाच्या अधिछात्रवृत्तीची एकूण मुदत पाच वर्षे असते. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे (कनिष्ठ) दरमहा ३७,००० रु. व पुढील तीन वर्षे (वरिष्ठ) ४२,००० रु. असे दर लागू झाले. दोन वर्षांनंतर बाह्य तज्ज्ञाचा समावेश असलेली त्रिसदस्य समिती कामाचे मूल्यमापन करते. प्रगती असमाधानकारक आढळल्यास वरिष्ठ श्रेणी नाकारता येते किंवा वृत्ती बंद करता येते. वृत्तिधारकास पूर्ण वेळ संशोधन करावे लागते व अन्य वेतन स्वीकारता येत नाही. नोकरी सांभाळून अंशकालिक पीएच्.डी. करण्यास २०२२ च्या विनियमांत परवानगी आहे परंतु अशा विद्यार्थ्यास ही वृत्ती मिळत नाही.

पदवीची मुदत याहून वेगळी आहे. किमान तीन व कमाल सहा वर्षे, पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे आणि महिला व ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना त्यापुढेही दोन वर्षे, म्हणजे कमाल दहा वर्षे, अशी तरतूद आहे. महिलांना संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती अथवा बालसंगोपन रजाही मिळते. यावरून असे दिसते, की संशोधनास सहा ते दहा वर्षे लागू शकतात हे नियमांनी मान्य केले आहे मात्र निधीची हमी पाच वर्षांचीच आहे. आधी प्रवेश घेऊन नंतर नेट उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यास निकालापूर्वीच्या काळाचे विद्यावेतन मिळत नाही. म्हणून प्रारंभीची किंवा अखेरची काही वर्षे विनावेतन काढावी लागण्याचा प्रसंग अनेकांवर येतो. प्रबंधलेखनाचा शेवटचा टप्पा हाच बहुधा विनावेतन काळ असतो व उपजीविकेसाठी तासिका तत्त्वावर अध्यापन पतकरल्याने प्रबंध आणखी लांबतो.

मूल्यमापन : देशातील पीएच्.डी. विद्यार्थ्यांची संख्या २०१४-१५ मध्ये सु. १.१७ लाख होती, ती २०२१-२२ मध्ये सु. २.१२ लाख झाली. मोठ्या संख्येतून निवड करावयाची, तर काही समान व पडताळून पाहता येण्याजोगे निकष आवश्यकच ठरतात. किमान गुण व राष्ट्रीय परीक्षा यांमुळे वशिल्यास आळा बसतो आणि लहान विद्यापीठातील विद्यार्थ्यास मोठ्या विद्यापीठातील विद्यार्थ्याच्या बरोबरीने स्पर्धा करता येते, हा या व्यवस्थेचा मुख्य गुण होय. वस्तुनिष्ठ प्रश्नांची परीक्षा स्मरण व तर्क यांची कसोटी पाहते, दीर्घ काळ एका प्रश्नाचा माग घेण्याच्या चिकाटीची पाहत नाही, हा तिचा मुख्य दोष होय. नियमांची संख्या वाढविण्यापेक्षा विद्यापीठ, आयोग व राज्यसंस्था यांच्या नियमांत एकवाक्यता आणणे, वृत्तीची मुदत पदवीच्या मुदतीशी जुळविणे आणि नियमबदल आधीच प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांना बाधक होणार नाहीत अशी काळजी घेणे, या सुधारणा अधिक निकडीच्या आहेत. घरून पैसा मिळू शकणारा विद्यार्थी नियमांतील खंड निभावून नेतो. ज्याला तो मिळत नाही त्याचे संशोधन त्या खंडातच संपते आणि प्रामुख्याने त्याच्यासाठीच निर्माण झालेल्या शासकीय साहाय्याचा हेतू विफल होतो.